कमरेएवढ्या पाण्यात

मेलबर्न, फ्लोरिडा

प्रिय तुला,

बातमी तुझ्यापर्यंत पोचली म्हणे. पोचणारच. मी फोटो लेकीला पाठवते, लेक मावशीला, आणि मावशीला कळलं म्हणजे वरच्या आळीपासून मांडवीपर्यंत अख्ख्या रत्नागिरीला कळलं. तुझा प्रश्नही अगदी तुझ्या चालीचा, 'काय गं, अमेरिकेत जाऊन समुद्र झाडायला लागलीस?' झाडत नाही बाई. हातात असतो तो मेटल डिटेक्टर. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, तळाच्या वाळूवरून तो डावी-उजवीकडे फिरवायचा, कानात आवाज आला की खाली काय आहे ते उकरून काढायचं. एवढंच. पण हे 'एवढंच' सांगायला मला बरीच पानं लागणार आहेत, तेव्हा दुपारची झोप उरकून घे आणि मग वाचायला बस.

आधी पत्ता पुन्हा सांगते, कारण भावजींनी मागच्या फोनवर कसोटीची तिकिटं मिळतील का म्हणून विचारलं. हे मेलबर्न फ्लोरिडातलं. इथे क्रिकेट नाही. इथे उत्तरेला केप कॅनव्हरल आहे, तिथून रॉकेटं उडतात आणि आमच्या स्वयंपाकघराची तावदानं थरथरतात. नवी होते तेव्हा गॅस बंद करून अंगणात धावायचे. आता फोडणीवरचा हात हलत नाही. समुद्र मात्र आपल्याहून उलटा. आपला मावळतीचा, हा उगवतीचा. संध्याकाळी पुळणीवर जावं तर सूर्य पाठीमागे घरांच्या छपरांत बुडतो, आणि मला अजून दर वेळी कुणीतरी फसवल्यासारखं वाटतं. आणि सुरू! भाट्याच्या बनात आपण ज्याच्या सावलीत कैऱ्या खाल्ल्या तो सुरू इथेही आहे, पण इथे त्याला परदेशी उपद्रवी झाड म्हणून तोडतात. मी दोन्ही बाजूंनी गप्प बसते. मीही परदेशीच.

तुला सांगते, माझा अवतार एकदा बघायला हवास. अंगात लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट, खाली लेकीची जुनी लेगिंग, पायांत रबरी बूट, डोक्यावर टोपी, कानांवर पिवळेधमक हेडफोन. एका हातात दांडा, त्याच्या टोकाला दहा इंच व्यासाचं तारेचं वेटोळं. दुसऱ्या हातात स्टीलचा स्कूप. स्कूप म्हणजे काय, तर लग्नघरातला बुंदीचा झारा घे, त्याला चांगला खोल कर आणि माझ्या उंचीचा दांडा लाव. तो वाळूत रोवायचा, पायाने दाबायचा, वर उचलायचा. वाळू भोकांतून गळून जाते आणि जे काय वाजत होतं ते तळाशी उरतं. आमचे साहेब किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसतात आणि कुणी विचारलं तर मला ओळखत नाहीत. विचारतात मात्र सगळे. पोरं, म्हातारे, कुत्री फिरवणाऱ्या बाया, सगळ्यांचा एकच प्रश्न, सोनं सापडलं का? ऑरलँडोच्या मराठी मंडळींची सहल आली होती, त्यातल्या एका काकूंनी तर सरळ हिशेबालाच हात घातला, 'महिन्याला किती तोळे पडतात?'

या सगळ्याला कारण आमचा शेजारी. तोच, ज्याला तू फोनवरच्या चार वाक्यांत निकालात काढलंस. बायको गेलेली, मुलं लांब, हसत नाही, 'हाय' म्हटलं तर मान हलवतो. झालं, तुझा निवाडा तयार, 'खडूस आहे मेला, त्याच्या कुंपणाकडे फिरकू नकोस.' एका चहाच्या पेल्यात स्थळं मोडणारी तू, तुला चार वाक्यं म्हणजे चंगळच. पण एका सकाळी तो भिजलेला, वाळूने माखलेला दारातून आत जात होता आणि मी सहज विचारलं, आज काय सापडलं? त्याने खिशातून मूठभर गंजकं उघडून दाखवलं. बाटल्यांची बुचं, केसांच्या पिना, गळाला लावायची शिशाची वजनं, कुजकी नाणी. असा अभिमान मी फक्त आपल्या शिवणाच्या बाईंच्या चेहऱ्यावर पाहिला आहे, कापडाच्या चिंध्या दाखवताना. मला तो आवडला. आता मी त्याला गुरुजी म्हणते. त्याला तो शब्द म्हणता येतो, फक्त त्यात दोन 'र' असल्यासारखे वाटतात.

यंत्राचं थोडं सांगते, कंटाळू नकोस. समुद्रात खरी अडचण मिठाची. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या साध्या यंत्राला अख्खा समुद्रच धातू वाटतो आणि ते उगाच केकाटत राहतं. त्यावर उपाय दोन. एका जातीची यंत्रं अनेक फ्रिक्वेन्सींवर काम करतात, मिठाचा आणि धातूचा प्रतिसाद ताडून पाहतात आणि मिठाचा वजा करतात. माझं त्या जातीचं आहे, गुरुजींचं जुनं एक्सकॅलिबर, मिनलॅब कंपनीचं. (कंपनी ऑस्ट्रेलियातली. भावजींना तेवढाच दिलासा.) दुसरी जात पल्स इंडक्शनची. त्यातलं वेटोळं सेकंदाला शेकडो वेळा विजेचा झटका सोडतं आणि लगेच गप्प होऊन कान देतं. झटक्याने पाण्यातही प्रवाह उठतो, धातूतही. पाण्यातला तत्क्षणी विरतो, धातूतला जरा रेंगाळतो. यंत्र तेवढा क्षण जाऊ देतं आणि मग मागे जे रेंगाळलंय तेवढंच ऐकतं. किती समंजस, नाही? आपल्या दोघींच्या सासूबाईंना हे साधलं असतं तर आपली निम्मी पत्रं लिहायची वाचली असती.

माझ्या यंत्राला पडदा नाही, आकडे नाहीत. नुसता आवाज. हळूहळू कान बसतो. लोखंड आलं की चालू असलेला सूर तुटतो. तांबं-चांदी टिपेला जाते. आणि सोनं? सोनं खालच्या-मधल्या पट्टीत बोलतं. तुझ्या डोळ्यांपुढे आता दागिन्यांची पेटी उघडली असेल, तर जरा थांब. त्याच पट्टीत, त्याच सुरात आणखी एकजण बोलतो: शीतपेयाच्या डब्याची ती ओढायची अॅल्युमिनियमची कडी. पूर्वी ती ओढली की सुटून हातात यायची आणि माणसं ती वाळूतच टाकायची. १९७५ मध्ये डब्याला चिकटून राहणारी कडी निघाली आणि सुटी कडी हळूहळू बाजारातून गेली, पण वाळूतून कुठे जाते! ती अजून इथेच आहे, आणि मी एक वाकून काढली की दुसरी वाजते. यंत्राला सांगता येतं की बाबा, ह्या सुराला गप्प बस. मग कड्या वाजत नाहीत. आणि अंगठ्याही वाजत नाहीत.

हीच यातली सगळी गंमत आहे बघ. आवाजावरून कचरा आणि सोनं वेगळं करता येत नाही. उकरावंच लागतं. गुरुजींचा नियम एकच: आवाज आला, उकर. मनात आधी नाव ठेवायचं नाही. आता कुणाकडे बघून बोलते आहे ते तुला कळलं असेलच.

गुरुजींना यावर एक गोष्ट सांगायला फार आवडते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते गारफील्ड. २ जुलै १८८१ ला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर त्यांच्यावर कुणीतरी गोळ्या झाडल्या. एक गोळी शरीरात अडकली, पण कुठे ते कळेना. तेव्हा क्ष-किरण कुठले? मग टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल धातू शोधणारं एक यंत्र घेऊन व्हाइट हाउसात गेला. माझ्या हातातल्या दांड्याचा तो पणजोबाच म्हण. बेलचं यंत्र चांगलं होतं. पण अध्यक्षांच्या बिछान्याला स्टीलच्या स्प्रिंगा होत्या, त्यांनी घोटाळा केला. आणि त्याहून मोठा घोटाळा असा, की मुख्य डॉक्टर ब्लिस यांनी गोळी उजव्या अंगाला आहे हे आधीच ठरवून टाकलं होतं, त्यामुळे बेलला तीच बाजू तपासायला मिळाली. सप्टेंबरात बिचारे गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी निघाली डावीकडे. ही गोष्ट संपवून गुरुजी नेहमी माझ्याकडे रोखून बघतात आणि मग म्हणतात, 'म्हणून सगळीकडे फिरव.'

वेळ मात्र सुकतीची हवी. तुझ्या आजीचा हिशेब आठवतो? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. आपण पंचांग न उघडता समुद्रावर जायचो ते तिच्या भरवशावर. इथल्या किनाऱ्याला तो हिशेब जसाच्या तसा लागत नाही, घड्याळ काही तास सरकवावं लागतं, पण रोज भरती साधारण ५० मिनिटं पुढे जाते ते तिथेही आणि इथेही. गुरुजी फोनवर तक्ते बघतात, मी बोटांवर मोजते. माझं उत्तर जवळपास बरोबर आलं तेव्हा त्यांनी 'हे कुठलं अॅप?' म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीची आजी. फरकही सांगते: मुंबईत उधाणाला साडेचार मीटरच्या वर भरती येणार म्हटलं की पेपरात छापून येतं, आणि इथे भरती-सुकतीत जेमतेम मीटरभराचा फरक. पण पुळण सपाट, त्यामुळे तेवढ्यानेही बरीच वाळू उघडी पडते आणि एरवी गळ्याशी येणारं पाणी कमरेला येतं.

पाण्यातच का, हे तू विचारणार. कारण माणसं दागिने पाण्यात हरवतात. गार पाण्याने बोटं आक्रसतात, वर उन्हाचं क्रीम चोपडलेलं, मग एक लाट येते किंवा माणूस चेंडू फेकतो, आणि अंगठी निघून जाते. किनाऱ्याला समांतर एक खोलगट चर असतो, त्याच्या पलीकडे वाळूचा उंचवटा. पोरं-बाप त्या चरातच खेळतात. आणि सोनं वाहून जात नाही गं, ते खाली जातं. वाळूचा कण पाण्याच्या अडीच पटींहून थोडा जड. आपलं बावीस कॅरटचं सोनं सतरा पटींहून जड. लाटा वाळू हलवतात, वाळू सैल होते आणि अंगठी त्यातून खाली खाली उतरते, शिंपल्यांच्या किंवा चिकणमातीच्या कठीण थरावर जाऊन टेकेपर्यंत. इथे तर खाली शिंपल्यांचाच दगड आहे, कोकिना म्हणतात त्याला. उत्तरेला सेंट ऑगस्टीनला स्पॅनिश लोकांनी त्याचा अख्खा किल्ला बांधला आहे. हिवाळ्यात ईशान्येचे वारे वाहिले की समुद्र वरची वाळू ओढून नेतो, थर उघडे पडतात आणि डिटेक्टरवाले बातम्यांआधी हवामान बघतात. उन्हाळ्यात वाळू परत येते. शिवाय किनारा खचला की सरकार समुद्राच्या तळातून वाळू उपसून पुळणीवर ओततं, तेव्हा गुरुजींच्या चेहऱ्यावर सुतक असतं.

तेव्हा भाट्याला गेलेल्या तुझ्या त्या अंगठीबद्दल आता शास्त्रोक्त सांगते. लाटेने मध्यसमुद्रात नेली असं तू इतकी वर्षं सांगत आलीस. नेली नसेल. तू उभी होतीस तिथेच, तुझ्या पायाखाली, सरळ खाली गेली असेल. सापडेल असं म्हणत नाही. खाडीच्या तोंडाशी वाळू किती हलते ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. फक्त लाटेवर घेतलेला आळ मागे घे. आणि 'त्या'च्यावर घेतलेलाही घे, आता त्याला नातवंडं आहेत.

मला काय सापडतं? विचारू नकोस, पण सांगते. चॉकलेटची चांदी, घराच्या किल्ल्या, गॉगल, खेळण्यातल्या मोटारी, आणि सेंट. १९८२ नंतरच्या इथल्या सेंटमध्ये आत जस्त असतं आणि वर तांब्याचा नुसता मुलामा; खारं पाणी आतलं जस्त असं खातं की हातात येतो तो खरुजेचा तुकडा. चांदी काळी पडते. सोनं मात्र जसं पडलं तसं निघतं, लखलखीत, निर्लज्जासारखं. एकदा वाळूतून एक काळं, बारकं कडं निघालं. गुरुजी म्हणाले, लहान मुलाची अंगठी असावी, पण हे वळ कसे? मी बूट काढला आणि पाण्यातून पाय वर केला. जोडवं! कुठल्याशा बाईचं चांदीचं जोडवं, इथे, अटलांटिकमध्ये. गुरुजींनी माझा पाय बघितला, जोडवं बघितलं, पुन्हा पाय बघितला. मग मला ते लग्न, दुसरं बोट, सगळं समजावून सांगावं लागलं, आणि ते एका पायावर उभं राहून. लाटेने मला मध्येच बसवलं. किनाऱ्यावर साहेबांनी पेपर वर केला.

कधी माणसंच हाक मारतात. एक नवा नवरा आला होता, चेहरा पांढराफटक. लग्नाची अंगठी पाण्यात गेली आणि बायकोला त्याने सांगितलेलं की ती सोनाराकडे सैल करायला दिली आहे. गुरुजींनी त्याला पोलिसांसारखं विचारलं: कुठे उभा होतास, तोंड कुठे होतं, पाणी कुठवर होतं, किती वाजले होते? वेळ कळली की सुकती-भरतीवरून जागा कळते. मग दोन काठ्या रोवून आम्ही शेत नांगरल्यासारख्या सरळ ओळी धरल्या, एक कडी, एक बूच, एक कडी, एक पिन. माझ्या ओळीत मधल्या पट्टीचा सूर आला. मी मनातल्या मनात म्हटलं, कडीच. उकरली. अंगठी! पोरगा आनंदाने एवढ्या मोठ्याने ओरडला की पुळणीवर छत्रीखाली झोपलेली एक मुलगी उठून आली. तीच बायको. मग सोनाराची हकीकत आमच्यासमोरच उलगडली. तू असतीस तर तुला दोघांची बाजू घेता आली असती. त्यांनी गुरुजींना पैसे देऊ केले, गुरुजींनी संत्र्याचं थंड पेय मागितलं. पिऊन झाल्यावर डबा चेपून पिशवीत टाकला. कडीसकट.

पण तू खजिन्याचं विचारलं होतंस. आहे, खजिनाही आहे. आमच्या दक्षिणेला सेबॅस्टियन, व्हेरो बीच, फोर्ट पिअर्स. त्या पट्ट्याला नावच ट्रेझर कोस्ट. जुलै १७१५ च्या अखेरच्या रात्री हवानाहून सोनं-चांदी घेऊन मायदेशी निघालेली स्पेनची ११ जहाजं वादळाने इथे किनाऱ्यावर आपटून फोडली. हजाराच्या आसपास माणसं गेली. पुढे लोक विसरले. मग १९५० च्या सुमारास किप वॅग्नर नावाच्या घरं बांधणाऱ्या कंत्राटदाराला पुळणीवर स्पॅनिश नाणी सापडायला लागली, आणि त्याच्या लक्षात आलं की एकाही नाण्यावर १७१५ च्या पुढचं साल नाही. तज्ज्ञांनी सांगितलं, ती जहाजं इथे नाहीत, खूप दक्षिणेला बुडाली. (बघ, पुन्हा डॉक्टर ब्लिस.) वॅग्नरचा एक डॉक्टर मित्र वॉशिंग्टनच्या ग्रंथालयात जाऊन बसला आणि १७७५ चं बर्नार्ड रोमान्सचं पुस्तक काढलं, त्यातल्या नकाशात जागा दाखवलेली होती. मग वॅग्नर महायुद्धातून उरलेला सुरुंगशोधक घेऊन वाळूत फिरला आणि वाचलेल्या खलाशांनी जिथे तळ ठोकला होता ती जागा त्याने शोधली. आज तिथे एक लहानसं संग्रहालय आहे, मॅक्लार्टी नावाचं. आम्ही जाऊन आलो.

तुला सांगते, १९६२ मध्ये त्याच किनाऱ्यावर वॅग्नरच्या नात्यातल्या एका तरुणाला सोन्याची साखळी सापडली, अकरा फुटांहून लांब, आणि तिला सोन्याचा ड्रॅगन लटकवलेला. तो ड्रॅगन म्हणजे शिट्टी. आणि त्यातून काय निघतं? एकीकडून दातकोरणं, दुसरीकडून कानकोरणं! एवढं सोनं अंगावर घालून तो बडा साहेब जहाजावर उभा राहून कान कोरत असेल, हे डोळ्यांपुढे आलं आणि मला हसू आवरेना. तुझे आजोबा किल्लीने कोरायचे ना?

त्या जहाजांच्या जागी पाण्यात मात्र आम्हाला पाऊल घालता येत नाही. तिथे शोधण्याचे हक्क न्यायालयाने एका कंपनीला दिले आहेत. २०१५ मध्ये, बरोबर तीनशे वर्षांनी, तिच्या माणसांना व्हेरो बीचजवळ उथळ पाण्यात साडेतीनशे सोन्याची नाणी मिळाली, किंमत ४५ लाख डॉलर. बाकी पाण्याखाली ५० वर्षांहून जुनं काही निघालं तर ते राज्याचं, राष्ट्रीय उद्यानांच्या किनाऱ्यावर यंत्र न्यायलाच बंदी, आणि हरवलेली मौल्यवान वस्तू सापडली तर पोलिसांना कळवायची. तू कलेक्टर कचेरीत उभं आयुष्य काढलंस, तुला याचं नवल नाही. आपला १८७८ चा निखात निधीचा कायदा तूच मला सांगितला होतास, दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवा. गुरुजींना सांगितला तर ते म्हणाले, दहा रुपये म्हणजे किती? मी सांगितलं. त्यांनी हातातल्या कडीकडे बघितलं आणि म्हणाले, ही सुटली.

भीतीचंही विचारलंस. पोहता येत नसताना समुद्रात? तर कमरेच्या वर मी जात नाही आणि एकटी जात नाही. पाकटांची भीती असते, ती वाळूत दडून बसतात. म्हणून पाय उचलून टाकायचा नाही, फरपटत न्यायचा, म्हणजे पाकट आधीच पळून जातं. (गुडघे दुखायला लागल्यापासून मी तशीच चालते, त्यामुळे मला शिकायला वेळ लागला नाही.) मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत कासवांचा हंगाम. वेळासला आपण ऑलिव्ह रिडलीची पिल्लं बघायला पहाटे उठलो होतो, इथे लॉगरहेड कासवं येतात, आकाराने त्याहून बरीच मोठी. घरट्यांभोवती काठ्या-फिती लावलेल्या असतात, तिकडे फिरकायचं नाही आणि पुळणीवर उकरलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा, नाहीतर पिल्लं त्यात पडतात.

एक सांगायचं राहिलं. एका सकाळी पाणी अगदी निवांत होतं. गुरुजी म्हणाले, इथून थोडं वर, कोको बीचला, १९९६ च्या डिसेंबरात चॅलेंजर अंतराळयानाचे दोन मोठे तुकडे वाहून आले होते. चॅलेंजर फुटलं २८ जानेवारी १९८६ ला, सात माणसं गेली. म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं समुद्राने ते ठेवून घेतलेले. मग म्हणाले, मी त्या दिवशी कामावर होतो. बस, एवढंच, आणि हेडफोन परत कानाला. मीही काही बोलले नाही, शेजारची ओळ धरली. दुपारी त्यांच्याकडे डब्यात थालीपीठ दिलं. डबा परत आला तेव्हा त्यात त्यांच्या झाडाची पाच लिंबं होती. खडूस म्हणे!

मला इथे करमतं का, असं तू प्रत्येक फोनला विचारतेस आणि मी प्रत्येक फोनला 'हो' म्हणते. आज खरं सांगते. सगळ्या दिवसांत नाही. दुपारी घर फार गप्प असतं, आणि तुझ्याकडे तेव्हा मध्यरात्र असते, फोनही करता येत नाही. पण पाण्यात उभी असते तेव्हा करमतं. कानात एक सूर वाजतो आणि खाली काय आहे ते मला माहीत नसतं. या वयात, गं, आपल्याला सगळं आधीच माहीत असल्याची इतकी सवय झालेली असते. भाजीवाला काय भाव सांगणार, सून काय उत्तर देणार, नवरा कुठल्या विनोदावर हसणार. इथे दर चार पावलांवर काहीतरी माहीत नसलेलं वाजतं. बहुतेक वेळा कडीच निघते. पण ती निघेपर्यंतचं ते वाकणं मला फार आवडायला लागलं आहे.

तेव्हा तू ये. पुढच्या हिवाळ्यात ये, ईशान्येचे वारे सुरू झाले की. व्हिसाची रांग, गुडघे, भावजींचं पथ्य, सगळी कारणं मला पाठ आहेत, पुन्हा लिहून पाठवू नकोस. गुरुजींकडे जुनं एक यंत्र पडून आहे, तुझ्यासाठी ठेवायला सांगितलं आहे. 'मला नाही हो जमायचं' असं तिथूनच ठरवून मोकळी होऊ नकोस. आधी पाण्यात उतर, आवाज येऊ दे, उकर, आणि मग जे निघेल त्याला खुशाल नावं ठेव. माझ्यासकट.

तुझी,
मी

ता. क. तिकीट काढण्यापूर्वी तिथी बघ. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पोचशील असं काढ. उधाणाच्या दिवसांत सुकतीही लांबवर जाते, आणि तुला पहिल्याच सकाळी मी घरात बसू देणार नाही.